धाकूमामाची लाल छत्री

रुक्मिणीचा मेलेला नवरा भर दुपारी लवूबुवाच्या पत्र्याच्या शेडमध्ये आला आणि तांदळाच्या पोत्यापाशी उभा राहिला. निदान रुक्मिणीचं म्हणणं तसं होतं.

"आले," ती म्हणाली. तिचे डोळे ताठ झाले होते, ओठ सुकले होते. "ते बघा. केसांना अजून कापूस चिकटलाय."

शेडमधल्या शे-दीडशे माणसांनी माना वळवल्या. पोत्यापाशी पोतंच होतं. तरी बायकांनी भराभर डोक्यावर पदर घेतले, आणि एकीने तर पाहुण्याला बसायला जागा व्हावी म्हणून मांडी आवरून घेतली.

"काय म्हणतात?" लवूबुवाने विचारलं.

"बोलत नाहीत. नुसते बघतात."

"बोलणार कसे? मेलेल्या माणसाचा गळा सुकलेला असतो. माझ्या कानात बोलतायत." बुवाने कान पोत्याकडे केला, डोळे मिटले, मान डोलावली. "जन्म गिरणीच्या उकाड्यात गेला म्हणतात. पंखा हवा म्हणतात."

पुढच्या रविवारी शेडमध्ये पंखा आला. त्याआधी कुणाच्या तरी आईने भिंतीवरचं घड्याळ मागितलं होतं आणि कुणाच्या सासऱ्याने लोखंडी कपाट. दाराशी उभ्या असलेल्या परब मास्तरांच्या मनात आलं, बोरिवलीच्या मेलेल्या माणसांची ही खोड विचित्रच आहे. बुवाच्या शेडमध्ये जे नसतं, नेमकी त्यातच त्यांची इच्छा राहून गेलेली असते.

मनात आलं, आणि तिथेच राहिलं. मास्तरांच्या बहुतेक गोष्टी मनातच राहत. हरेश्वर परब कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत, तेसुद्धा फळ्याकडे तोंड करून. चाळीत कुणाशी बोलायची वेळ आली की ते आधी चष्मा पुसत. पुसून होईतो समोरचा माणूस निघून गेलेला असे, आणि त्यांना बरं वाटे.

त्यात आठ महिन्यांपूर्वी त्यांची बायको वनमाला गेली. तिला पोचवून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी अकरावीचा तास घेतला. रडू आलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. दाताच्या डॉक्टरने सुई मारल्यावर गाल जसा होतो, हात लावला तर आपलाच, पण आपला वाटत नाही, तसे ते सगळेच्या सगळे झाले होते. जेवत होते, पेपर तपासत होते, दोन माणसांचा चहा टाकून एक कप ओतून देत होते.

ते साल चौऱ्याऐंशी. गिरण्यांचा संप न मिटताच विरून गेला होता. नॅशनल पार्कच्या डोंगराखाली दहिसर नदीच्या अंगाला ज्या चाळी होत्या, त्यांत निम्मी घरं कोकणातली आणि गिरणीत राबलेली. कुणी आता वॉचमन होता, कुणी हातगाडीवर कांदे विकत होता. त्या दोन वर्षांत पुष्कळ माणसं मेली, आणि जी उरली त्यांना मेलेल्यांशी बोलायचं होतं. लवूबुवाने हे ओळखलं. पूर्वी तो एका जडीबुटीच्या दुकानात पुड्या बांधायचा. आता तो पितरांची पेज देत होता.

एका रविवारी तिघांनाच पेज मिळे. पिणाऱ्याने आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं. सकाळी बुवापुढे नारळ-विडा ठेवायचा, आणि मग बुवा गावाकडल्यासारखं गाऱ्हाणं घालायचा.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज तुझ्या पायाकडे जो काय नारळ इडो ठेवलो हा, तेचो मान करून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" शेड घुमायची. गाऱ्हाणं ऐकलं की कोकणी माणसाच्या तोंडून 'होय म्हाराजा' आपसूक निघतं. त्याला इलाज नाही.

मग ज्याला बोलवायचं त्याचं नाव, गाव, रूप, चालणं, आवडनिवड, मेला तो प्रसंग, सगळं पिणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. बाकीच्यांनी दर वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. मग वाडगाभर पेज. गूळ-खोबरं घातलेली, तरी घशात कडवट लागणारी. मग दारं-खिडक्या बंद आणि तासभर भजन. भजनाच्या शेवटी पोटात ढवळायचं, पाय गार पडून बधिर व्हायचे, आणि पितर यायचे.

"ओकारी इली तर भियाचा नाय," बुवा सांगायचा. "जल्माचा पाप भायर पडता. आणि पाय जड झाले की समजा, पितरांनी पाय धरले."

कुणाला काहीच दिसलं नाही, तर त्याच्या पापाचा घडा मोठा. तो माणूस खाली मान घालून घरी जायचा आणि पुढच्या खेपेला दुप्पट उपास करायचा.

*

मास्तरांना त्या शेडमध्ये नेलं होतं शेजारच्या सोनूबाईने. तिचा चंदू संपानंतर रंगकामाला लागला आणि दिवाळीत एका नव्या इमारतीच्या परांचीवरून पडला. त्याची बायको सुलक्षणा तेव्हा दोन महिन्यांची गरोदर होती. सोनूबाईने पौषात पेज घेतली आणि चंदू तिला दिसला. तेव्हापासून ती बुवाच्या शब्दाबाहेर नव्हती.

"मास्तरांनू," एके सकाळी पाणी भरताना ती म्हणाली, "दोन आयतवारानी सुलक्षणाची पाळी. तिच्या हातान पेज पिऊन चंदूक इचारूचा, पोटात तूच येतस मां?"

सुलक्षणा मागे कळशी घेऊन उभी होती. मुंबईत जन्मलेली, जिभेने फटकळ म्हणून चाळभर प्रसिद्ध. पण नवरा गेल्यापासून तिचा फटकळपणाही गेला होता. "मला काय," ती म्हणाली. "पी म्हणाल तर पिते."

तो आवाज मास्तरांच्या ओळखीचा होता. त्यांच्या स्वतःच्या तोंडून तो आठ महिने ऐकू येत होता.

त्या दिवशी कॉलेजातून येताना ते शेडच्या मागच्या पायवाटेने आले. डोंगराकडच्या कुंपणावर समुद्रशोकाचा वेल होता. तळहाताहून मोठी पानं, वरून हिरवी, खालून रेशमासारखी पांढरी. मुंबईत हा वेल कुठेही चढतो आणि कुणी त्याच्याकडे बघत नाही. मास्तरांनी मात्र बघितलं, कारण बघणं एवढंच त्यांना जमायचं. माघ होता. वेलावर वाळलेल्या फळांचे घोस हवे होते. उंचावर ते होतेही. पण हात पोचेल तिथवर एकही फळ नव्हतं, आणि शेडच्या चुलीच्या राखेच्या ढिगात फळांची फोडलेली टरफलं पडली होती. बिया कुठेच नव्हत्या.

मास्तरांनी त्यातलं एक टरफल उचलून खिशात टाकलं. त्या बियांबद्दल त्यांनी फार वर्षांपूर्वी एका मासिकात दोन पानं वाचली होती. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत धूळ झटकून ती पुन्हा वाचली. एलएसडी नावाची नशा, जिच्यापायी परदेशी पोरं भिंतींशी बोलायची, तिचं एक गरीब चुलत भावंड या बियांत असतं. शास्त्रज्ञांनी ते शोधलं, त्याला नाव दिलं आणि सोडून दिलं. एका बीत किती असतं, कुणाला किती चढतं, वारंवार घेतलं तर काय होतं, यावर कुणी धड काम केलेलंच नव्हतं. शेवटी एक ओळ होती. त्याच कुळातला आणखी एक पदार्थ बियांत सापडतो. तो रक्तवाहिन्या आवळतो आणि गर्भाशयही आवळतो.

ती ओळ मास्तरांनी तीनदा वाचली. संध्याकाळी त्यांनी चष्मा न पुसता सोनूबाईचं दार वाजवलं. वेल, बिया, टरफलं, सगळं सांगितलं.

सोनूबाईने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे देवानच ता झाडात घातल्यान," ती म्हणाली. "बुवाक सापडला, तुमका नाय सापडला. तुमका पुस्तकातला कळता मास्तरांनू, माणसातला नाय."

"पण सुलक्षणाच्या पोटातल्या मुलाला..."

"चंदू आपल्याच पोराक मारतलो?"

मास्तर परतले. घरी येऊन त्यांनी चहा टाकला, दोन कप, आणि विचार करत बसले. वेलाचं नाव सांगून भागत नाही. श्रद्धा असलेला माणूस वेलालाही देव करतो. प्रश्न एकच होता. पेज प्याल्यावर येतो तो मेलेला माणूस, की पिणाऱ्याच्या डोक्यातला? आणि हे ठरवायचं, तर असा माणूस बोलवायला हवा जो कधी जन्मलाच नाही.

त्या रात्री मास्तरांनी एक मामा तयार केला. त्यांना खरा मामा नव्हता. आई एकुलती एक. या मामाचं नाव त्यांनी धाकू ठेवलं. डावा पाय लंगडा. हातात पावसाळा असो नसो, लाल छत्री. भाच्यासाठी खिशात आवळे. होडीतून खाडी ओलांडताना होडी उलटली आणि मामा गेला. मामा इतका चांगला जमला की मास्तरांना शंका आली, आपल्याला हे जमायला नको होतं.

*

रविवारी मास्तर नारळ-विडा घेऊन बुवापुढे बसले तेव्हा शेडमध्ये कुजबुज झाली. शिकलेला माणूस आला म्हणून बुवाची छाती दोन बोटं पुढे आली.

"कोणाक बोलावतास, मास्तर? बाईंकच ना? दाराशीच उभ्या आसत त्या. तुमच्या हाकेची वाट बघतत."

मास्तरांचं तोंड उघडलं. एवढंच म्हणायचं होतं, वनमाला. ती कशी हसायची, कुठल्या बाजूला भांग पाडायची, शेवटी हॉस्पिटलात काय म्हणाली, एवढंच सांगायचं होतं. पुढचं काम बियांनी केलं असतं. शेड थांबली होती.

"धाकूमामा," मास्तर म्हणाले.

त्यांनी लंगडा पाय सांगितला, होय म्हाराजा. लाल छत्री सांगितली, होय म्हाराजा. आवळे, खाडी, होडी. पेज कडू होती. भजन सुरू झालं. पाऊण तासाने पोट ढवळून आलं आणि पाय गार पडले. आठ महिने मन बधिर होतं; आता पायही त्याला येऊन मिळाले. पत्र्याच्या भोकांतून पडणारे उन्हाचे कवडसे जमिनीवरून सरकू लागले, फुलू लागले. झांजांचा आवाज अंगावर वाळूसारखा पडू लागला.

आणि पोत्यापाशी धाकूमामा उभा होता.

डावा पाय आखडलेला. छत्री मिटलेली, लाल, काठीवरून पाणी निथळतंय. त्याने मास्तरांकडे बघितलं, अगदी ओळखीचं, आणि खिशात हात घातला. हा माणूस आपण मंगळवारी रात्री बनवला, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्यांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. वनमालेसाठी जे आठ महिन्यांत आलं नाही, ते एका नसलेल्या मामासाठी आलं.

"आले ना?" बुवा जवळ सरकला. त्याने कान पोत्याकडे केला. "मामा म्हणतायत, मेल्यापासून भाच्याच्या पाठीशीच उभा आहे, भाच्याने कधी विचारलं नाही. पाण्यात मेले ना, पायाखाली चिखल लागतो म्हणतात. इथं लादी बसवा म्हणतात."

*

पुढच्या रविवारी शेड खच्चून भरली. सुलक्षणाचा उपास होता. तिने नारळ ठेवला, चंदूचं गाऱ्हाणं झालं. चंदूला भाकरीचा पापुद्रा आवडायचा, हे सांगताना तिचा आवाज हलला नाही. बुवाने वाडगा तिच्या हातात दिला.

"थांब, सुलक्षणा," कुणीतरी म्हणालं.

ते आपणच म्हणालो, हे मास्तरांना जरा उशिरा कळलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. पाठ करायला फळा नव्हता, म्हणून त्यांनी पोत्याकडे बघून बोलायला सुरुवात केली.

"मागच्या रविवारी मला धाकूमामा दिसला. तुम्ही सगळे होतात. लंगडत आला, लाल छत्री होती. बुवांनी त्याचं म्हणणंही ऐकलं. त्याला लादी हवी आहे."

"तर!" बुवा म्हणाला. "लादी आणलास?"

"मला मामा नाही."

"मेल्यावर नसतोच."

"कधीच नव्हता. माझी आई एकुलती एक. धाकूमामा मी घरी बसून बनवला. नाव, पाय, छत्री, सगळं. तो जन्मलाच नाही, बुवा. मग मेला कसा, आणि तुमच्या कानात बोलला कोण?"

शेडमध्ये पंख्याचा आवाज ऐकू आला. रुक्मिणीच्या नवऱ्याचा पंखा.

"दुसऱ्या कोणाचो तरी धाकूमामा इलो असतलो," बुवा म्हणाला. "पितरांत गर्दी असता."

"लाल छत्रीसकट?" मागून एक वॉचमन म्हणाला, आणि कुणीतरी फिसकन हसलं.

"पितरांशी खोटा बोललास! कोप होतलो!"

"कोणाचा?" मास्तरांनी खरोखरच विचारलं. "धाकूमामाचा?"

आता मात्र हसू पसरलं. बुवाचं तोंड उतरलं. मास्तरांनी खिशातून टरफल आणि वेलाचं पान काढलं, आणि एकदा बोलू लागलेला बुजरा माणूस जसा थांबत नाही, तसे ते बोलत राहिले.

"ह्या टरफलातली बी. मागच्या कुंपणावरची. हिच्यात एक विष आहे, नशेचं. उपास देवासाठी नाही, रिकाम्या पोटी ती चढते म्हणून. भजन देवासाठी नाही, चढायला तास लागतो, तो काढायचा म्हणून. ओकारी येते ती पापाची नाही, बीची. पाय बधिर होतात ते पितरांनी धरून नाही, आतल्या रक्तवाहिन्या आवळल्या म्हणून. आणि गाऱ्हाण्यात आपण मेलेल्या माणसाचा चेहरा, चालणं, सगळं आपल्याच तोंडाने सांगतो, दीडशे जण होय म्हणतात. मग दुसरं कोण दिसणार? मी मामा सांगितला, मला मामा दिसला. उद्या तुम्ही उडणारी म्हैस सांगितलीत, तर तीही दिसेल."

"मोजून घालतो मी!" बुवा चिडून बोलून गेला. "कोणाला काय झालंय आजवर?"

हसणारी तोंडं बुवाकडे वळली. काय मोजून घालतो, हे त्याने सांगायची गरज उरली नव्हती.

"तेच," मास्तर म्हणाले. "एका बीत किती विष असतं, ते मला माहीत नाही. ज्यांनी ते शोधून काढलं त्यांनाही नीट माहीत नाही. कुणी पुरतं तपासलेलंच नाही. आणि हे बुवा पळीने मोजून वाढतात. गरोदर बाईला." त्यांनी दाराकडे बघितलं. "सिस्टर, तुम्ही सांगा."

दाराशी क्षमा सिस्टर उभ्या होत्या, म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहातल्या. चाळीतल्या निम्म्या पोरांना त्यांनी पहिल्यांदा हातात घेतलं होतं. "बाळंतपणानंतर रक्त थांबायला आम्ही एक इंजेक्शन देतो," त्या म्हणाल्या. "त्याने पिशवी आवळते. मास्तरांनी मला दाखवलं, ह्या बीत त्याच जातीचं औषध आहे. आम्ही ते मूल बाहेर आल्यावर देतो, सोनूबाई. आधी दिलं तर वाट लागेल. पोराची आणि हिचीपण."

सुलक्षणाने हातातल्या वाडग्याकडे बघितलं. मग सासूकडे. "पिऊ?" तिने विचारलं. पहिल्यांदाच त्या आवाजात काहीतरी होतं. राग होता.

सोनूबाई उठली. वाडगा सुनेच्या हातातून घेतला, दाराबाहेर गेली आणि पेज गटारात ओतली. रिकामा वाडगा तिने बुवापुढे पालथा घातला. कोकणात पालथं भांडं ठेवणं म्हणजे या घरी पुन्हा जेवायचं नाही.

एकेकजण उठू लागला. रुक्मिणी तेवढी पोत्यापाशी घुटमळली. मास्तर तिला म्हणाले, "आता कुणी काही दाखवलं, तर ते दिसलं की नाही एवढंच विचारू नका. दिसायच्या आधी पोटात काय गेलं, कानावर काय पडलं, तेही विचारा. विचारल्याने खरा देव रागावत नाही. रागावतो तो बुवा." जाताना तिने पंख्याचं बटण बंद केलं.

परतीच्या वाटेवर सोनूबाई मास्तरांबरोबर चालत होती. चाळीच्या नळापाशी आल्यावर थांबली.

"म्हणजे माका दिसलो तो माझो चंदू न्हय?"

"तुमचाच होता," मास्तर म्हणाले. "तुमच्या आठवणीतला. बुवाचा नव्हता. त्याच्यासाठी पेज लागत नाही."

सोनूबाईने पदराने तोंड पुसलं. सुलक्षणा पुढे जाऊन दार उघडत होती, एक हात पोटावर ठेवून. तिच्याकडे बघत सोनूबाई म्हणाली, "मास्तरांनू, एक इचारू? तुमका कोणाकय बोलावता येय होता. बाईंक का नाय बोलावल्यात?"

मास्तरांनी चष्मा काढला. सवयीने पुसू लागले. या खेपेला सोनूबाई निघून गेली नाही.

"ती आली असती," ते म्हणाले. "म्हणून."